प्रत माहितीसाठी

हार्डनर पडला की थांबता येत नाही. बिसलेरीच्या कापलेल्या बाटलीत पिवळसर रेझिन आहे, काकांनी त्यात झाकणाने मोजून हार्डनर ओतलाय आणि आता काडीने ढवळतायत. "हात लावून बगा," म्हणतात. लावतो. बाटली कोमट आहे, बघता बघता गरम होते. होडीच्या नाळेजवळ हातभर चीर गेलीय. ती ग्राइंडरने घासून आधी रुंद केलीय आणि तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरलीय. काका ब्रशने त्यावर रेझिन थापतात, मधेच ब्रश उभा धरून टोचतात, आत बुडबुडा राहू नये म्हणून. बुडबुडा राहिला तर पहिल्याच लाटेला तिथून पाणी शिरणार. वर निळी ताडपत्री ताणलीय. हवेत ओल असली की हा माल धड सुकत नाही, आणि आषाढात ओल नसेल तर केव्हा असेल!

कफ परेडचं मच्छीमार नगर, शनिवार, ३१ जुलै २०२१. मासेमारीबंदीचा आज शेवटचा दिवस. १ जूनला लागलेले ६१ दिवस आज रात्री संपतात, उद्यापासून सरकारी हिशेबाने दर्या मोकळा. बरेचजण तरी नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे २२ ऑगस्टपर्यंत, थांबतील. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी ढकलायची नाही, हा त्यांचा कायदा सरकारच्या कायद्याहून जुना आहे. काकांना थांबायला परवडत नाही. त्यांची होडी मे महिन्यापासून आडवी पडलीय.

मी इथे अर्ज लिहायला बसलोय. मासे ठेवायचा प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घालून त्याचं टेबल केलंय, वर वहीचं पान. काकांच्या पुतण्याने मला बोलावलं, "दादा, तुमचं मराठी कागदावर चालतं" म्हणून. त्याचं स्वतःचं मराठी तोंडावर माझ्यापेक्षा चांगलं चालतं, पण सरकारी मायना आला की तो अडतो. मायन्यात मीही अडतो, फक्त तसं दाखवत नाही.

प्रकरण तौक्ते वादळाचं. १७ मेच्या त्या सोमवारी कुलाब्याच्या वेधशाळेने वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदवला. आदल्याच वर्षी, ५ ऑगस्टला, तिथेच ताशी १०० च्या पलीकडचे झोत येऊन गेले होते, तेव्हा लोक म्हणाले होते की असं आयुष्यात एकदाच होतं. गेटवेच्या कठड्याचे दगड उखडले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. इथल्या नांगरावरच्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या ते पाहायला टीव्हीवाले नव्हते. काकांची होडी नांगर तोडून दगडांवर आली आणि नेमकी नाळेशी फुटली, जिथे रंगाने नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो.

इथूनच सगळं अडलंय. पंचनाम्याला माणूस आला होता, नाही असं नाही. त्याने ओळीने फोटो काढले. फोटोत होडीचा नंबर दिसला पाहिजे, अशी अट. काकांच्या होडीचा नंबरच फुटलेला. कागद 'त्रुटी' असा शेरा मारून परत आला. २७ मेला राज्य सरकारने मदत जाहीर केली: होडी पूर्ण गेली तर २५ हजार, दुरुस्तीला १० हजार, जाळ्यांना ५ हजार. केंद्राच्या निकषात पूर्ण गेलेल्या होडीला ९,६०० आणि दुरुस्तीला ४,१०० होते, तेव्हा राज्याने हात मोकळा सोडला हे खरंच. पण ते १० हजार मिळायला नुकसान डोळ्यांनी बघणारा कुणीतरी परत यायला हवा. तो यायच्या आत काका चीर बुजवतायत. उद्या होडी पाण्यात ढकलायची तर बुजवायलाच हवी, आणि एकदा बुजली की पुरावा गेला.

"मग दुरुस्तीच्या आधीचे फोटो काढलेत ना?" मी विचारतो.

"शंभर काढलेत," पुतण्या म्हणतो. "पण हापिसात म्हणाले, प्रत्यक्ष पाहणी लागते."

प्रत्यक्ष पाहणी हे शब्द पुन्हा ऐकू येतात, या वेळी त्याच्या मोबाइलमधून. कोल्हापूरची बातमी लागलीय. काल मुख्यमंत्री उद्धव ठाकरे शाहूपुरीत पूरग्रस्तांना भेटत होते आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीसही नेमके तिथेच पोचले. दोघे भर रस्त्यात समोरासमोर आले. चार शब्द बोलले, भोवती माणसं, माणसांभोवती कॅमेरे. सकाळपासून हीच फीत फिरतेय. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं ते लोक चौकटीच्या कडेला कुठेतरी अर्धेमुर्धे दिसतात.

"बगा, एकाच गल्लीत दोन पाहण्या," काका ब्रश न थांबवता म्हणतात. "आमच्या वाट्याला अर्दी पण नाय."

मावशी थोड्या अंतरावर जाळं पसरून बसल्यात. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा काठ ताणून धरलाय आणि प्लॅस्टिकच्या सुईने फाटका डोळा भरतायत. मान वर न करता बोलतात, "येऊ दे रे त्यांना. कोनी मोटा मानूस यायचा असला की आदल्या रात्री कचरा तरी उचलतात."

हसू येतं, पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. समोर पाणी उतरलंय, अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी, त्यामुळे ते लांबही गेलेलं नाही आणि जवळही नाही. मधल्या चिखलात पिशव्या, थर्माकोल, एक चप्पल, नारळाची सोडणं. या चिखलापलीकडे बॅकबे, आणि बॅकबेच्या पलीकडे महाराष्ट्राचं राज्य जिथून चालतं ते सगळं. उजवीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती, त्यांच्यामागे मंत्रालय. इथून रमतगमत निघालात तरी अर्ध्या तासात पोचाल. समोर मलबार हिल, तिथे मंत्र्यांचे बंगले, आणि टेकडीच्या टोकाला झाडीत राजभवन. राज्यपालही याच आठवड्यात दरडीखाली गेलेल्या तळियेला जाऊन आले. मुंबईतून महाडला, चिपळूणला, सांगलीला जाणारे दौरे जिथून निघतात तो किनारा आणि हा किनारा एकमेकांना दिसतात. एवढ्या जवळ असलं की कुणी बघायला येत नाही. आपत्ती म्हणजे लांब कुठेतरी असते, हेलिकॉप्टर लागतं तिथे, असा एक समज आहे.

या आठवड्यात राज्यभर वाद चाललाय तो यावं की येऊ नये याचा. २२ जुलैला महाबळेश्वरच्या डोंगरावर आभाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. चिपळूण बुडालं, तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. मग दौरे सुरू झाले. मुख्यमंत्री गेले, विरोधी पक्षनेते गेले, केंद्रीय मंत्री गेले. चिपळूणच्या बाजारपेठेत एक बाई मुख्यमंत्र्यांपुढे रडून मदत मागत होती आणि सोबतचे एक आमदार तिच्याशी ज्या आवाजात बोलले, तो आवाज साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. मंगळवारी शरद पवारांनी आवाहन केलं: ज्यांचा मदतकार्याशी थेट संबंध नाही त्यांनी दौरे टाळा, तिथली यंत्रणा काम सोडून तुमच्यामागे धावते. मुख्यमंत्र्यांचं जाणं त्यांनी वेगळं धरलं. लातूरच्या भूकंपाच्या वेळी पंतप्रधान नरसिंह राव यायला निघाले होते, त्यांना आपणच दहा दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं, ही आठवणही पवारांनी सांगितली. फडणवीसांचं उत्तर असं की दौरे झाले की सरकारी यंत्रणा जागी होते.

मी हे सगळं काकांना सांगतो. काका म्हणतात, "दोगंबी बरोबर बोलतात."

मला आधी वाटतं, हा सुटका करून घेणारा शेरा आहे. पण काका ब्रश थिनरमध्ये बुडवतात आणि सांगायला लागतात. लातूरच्या त्या भूकंपात किल्लारीत माणसं ढिगाऱ्याखाली होती, पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली, तिथे उपसणाऱ्याचा एक हातही दुसरीकडे वळता कामा नये. तळियेतही तेच. तिथे जाणारा रस्ता गाडीमागे गाडी लागली की बंद होणारा. "तिते पुढारी गेला तर तो वजन हाय," काका म्हणतात. "आनि इते? इते कोन काम करतंय म्हून अडचन होनार? इते कोनीच नाय."

हा फरक मला या आठवड्यातल्या एकाही चर्चेत ऐकू आला नाही. जिथे यंत्रणा कामाला लागलीय तिथे पाहुणा म्हणजे अडथळा. जिथे यंत्रणा फिरकलीच नाही तिथे पाहुणा आला की मागोमाग तलाठी येतो, वॉर्डाचा माणूस येतो, पाण्याचा टँकर येतो. दौऱ्याची गंमत अशी की तो नेहमी पहिल्या प्रकारच्या ठिकाणी जातो. कारण कॅमेरे आधीच तिथे असतात.

पुतण्याला वेगळंच काही दाखवायचंय. तो बोटाने फीत सरकवतो आणि जर्मनीवर येतो. तिथेही याच महिन्यात महापूर आला. १७ जुलैला एर्फ्टश्टाट नावाच्या गावात राष्ट्राध्यक्ष मृतांबद्दल दुःख व्यक्त करत होते, आणि मागे उभे असलेले चॅन्सेलरपदाचे उमेदवार आर्मिन लाशेट कुणाशी तरी बोलताना खळाळून हसले. काही सेकंदांचंच हसू. माफी मागून झाली तरी ते पुसलं जात नाही.

"आपले गिरीशभाऊ आठवले," पुतण्या म्हणतो.

ऑगस्ट २०१९, सांगली-कोल्हापूर. जलसंपदामंत्री गिरीश महाजन बोटीतून पाहणीला निघाले, बोटीत सेल्फी व्हिडिओ निघाला, त्यात हसरे चेहरे. त्याच सुमारास ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली होती. त्याच पुरात इचलकरंजीकडे धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदारांचे फोटो चिकटवलेले निघाले. मला त्या दोहोंपैकी स्टिकरचा राग जास्त येतो. हसणं माणसाच्या हातून क्षणात होऊन जातं. स्टिकर कुणीतरी बसून डिझाइन करतं, छापखान्यात देतं आणि सुकेपर्यंत थांबतं. उलटंही घडलेलं आहे. जर्मनीतच २००२ मध्ये एल्बे नदीच्या पुरात चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर गमबूट चढवून चिखलात उतरले आणि हातची गेलेली वाटणारी निवडणूक जिंकले. तेव्हापासून जगभरच्या पुढाऱ्यांच्या गाडीत गमबुटांचा एक जोड असतो, असं म्हणायला हरकत नाही.

मावशींना जर्मनीत रस नाही. त्यांचा डोळा भरून झालाय, दाताने दोरा तोडतात. "इते बी आलेले ना सगले," त्या म्हणतात. "त्या टायमाला."

त्या टायमाला म्हणजे २६ नोव्हेंबर २००८, बुधवार. याच किनाऱ्यावर, बधवार पार्कच्या समोर, रात्री रबरी होडीतून दहाजण उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलंही होतं, कोण तुम्ही, कुठून आलात म्हणून. पुढचं जगाला ठाऊक आहे. त्यानंतरचं कमी जणांना ठाऊक आहे: कित्येक आठवडे या गल्ल्यांतून माणसं फिरत होती, देशातली, परदेशातली, कॅमेऱ्यांची आणि बिनकॅमेऱ्याची. "कुठं उतरले?" हा एकच प्रश्न. पोरांनी बोट दाखवायचं काम सुरू केलं होतं. त्या पाहण्यांमधून मच्छीमारांना मिळाली बायोमेट्रिक ओळखपत्रं, होड्यांना रंगाचे नियम, समुद्रात जाता-येता तपासणी. शौचालयाचा प्रश्न तेव्हाही होता, तो कुणाच्या पाहणीत आला नाही. पाहायला येणारा माणूस आपला प्रश्न घरून घेऊनच येतो.

आणि त्याच दिवसांत, इथून जवळच, एक भेट मुख्यमंत्र्यांना महागात पडली. हल्ला संपल्यावर विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले, सोबत अभिनेता मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा. पुढच्या काही दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. कारणं अनेक होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही. दुःखाच्या जागी जाताना सोबत कोण आहे, हे लोक फार बारकाईने बघतात. २००५ च्या २६ जुलैला हेच विलासराव मुख्यमंत्री होते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. पंतप्रधान मनमोहन सिंगांनी आकाशातून पाहणी केली. मच्छीमार नगराला त्या वेळी दाखवण्यासारखं काही नव्हतं, हे काका आजही थोडं खंतावून सांगतात. आपत्तीलाही पत्ता चुकू नये असं त्यांना वाटत असावं.

"लिवलं का काय?" काका विचारतात.

वाचून दाखवतो. 'महोदय, दि. १७ मे २०२१ रोजीच्या तौक्ते चक्रीवादळात माझ्या नौकेचे नाळेकडील भागाचे नुकसान झाले असून नोंदणी क्रमांक त्याच भागावर असल्याने छायाचित्रात दिसून येत नाही. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, इंजिनाचा क्रमांक व दुरुस्तीपूर्व छायाचित्रे जोडली आहेत.' इथपर्यंत सगळ्यांना पसंत आहे. पुढचं वाक्य पुतण्याने सांगितलंय आणि मी लिहिलंय: 'तरी मंत्रीमहोदयांनी स्वतः येऊन प्रत्यक्ष पाहणी करावी, ही नम्र विनंती.'

"खोड ते," काका म्हणतात.

"का?"

"ते आले तर त्यांच्यासंगं पंचवीस मानसं येतील. मी होडी ढकलू की त्यांना बसायला खुर्च्या आनू? आनि ते बोलनार, करून टाकतो. मग खालचा मानूस म्हननार, सायबांनी बगितलंय, आता मी काय बगू."

मावशी सुई रोखतात. "ठेव रे ते वाक्य. मिनिस्टर आला तर संडासाचं बोलीन मी."

"अर्ज होडीचा हाय, मावशे."

"होडी तुजी हाय. संडास सगल्यांचा हाय."

यावर काकांकडे उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच. रेझिन मात्र थांबायला तयार नाही. बाटलीच्या तळाशी उरलेलं आता जेलीसारखं थरथरतंय आणि हात लावला तर चटका बसेल इतकं तापलंय. काका घाईने शेवटचा हात मारतात. चीर आता ओल्या, चकचकीत थिगळाखाली गेलीय. उद्या त्यावर रंग चढेल, रंगावर नंबर. पाहणीला आलेल्या माणसाला ठणठणीत होडी दिसेल. चिपळूणच्या दुकानदारांचं याहून वेगळं काय झालं असेल? चिखल काढावा तर नुकसान दिसत नाही, ठेवावा तर धंदा उभा राहत नाही. साहेब पाहून जाईपर्यंत चिखल राखून ठेवणं फक्त ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच जमतं.

माझं मत मी या लोकांपुढे मांडतो, कारण वाक्य ठेवायचं की खोडायचं हे ठरवायचंय आणि पेन माझ्या हातात आहे. सत्तेतल्या माणसाने उशिरा यावं. आधी टेपवाला, पंचनामेवाला, पैसे खात्यात टाकणारा येऊ दे. मंत्र्याने महिन्याने यावं, हातात यादी घेऊन, आणि कुणाचे पोचले नाहीत ते विचारावं. सत्तेत नसलेल्याने मात्र लगेच यावं, तेही जिथे कॅमेरा नाही तिथे. त्याच्या हातात द्यायला काही नसतं, त्यामुळे बघणं आणि ओरडणं एवढंच त्याचं काम, आणि ते ताजं असतानाच करायचं असतं. त्याच्यामागे कलेक्टरने धावायचं कारण नाही. धावलाच तर तो कलेक्टरचा दोष.

"पन उद्या तेच सत्तेत आले म्हंजे?" पुतण्या विचारतो.

"मग त्यांनी उशिरा यायचं."

काका पहिल्यांदाच मोठ्याने हसतात. मावशींना पटलेलं नाही. त्यांच्या मते सगळ्यांनीच यावं, रोज एकाने, म्हणजे कचरा रोज उचलला जाईल. या युक्तिवादात मला अजून चूक सापडलेली नाही.

शेवटी वाक्य बदलतो: 'तरी मंत्रीमहोदयांनी येण्याची तसदी घेऊ नये. पाहणीसाठी अधिकृत कर्मचारी पाठवावा, ही नम्र विनंती. नौका दि. १ ऑगस्टपासून पाण्यात असेल, सबब कर्मचाऱ्याने सकाळी सातच्या आत यावे.' 'तसदी घेऊ नये' यावर पुतण्या जरा चपापतो, उद्धट वाटेल म्हणतो. काका म्हणतात, राहू दे, खरं आहे. मावशींसाठी पानाच्या तळाशी ताजा कलम टाकतो, शौचालयाचा. त्यावर काकांनी तोंड वाकडं केलं तरी सही करतात, रेझिनचा अंगठा पँटला पुसून.

"आता दुसरा कागद घ्या," पुतण्या म्हणतो. "विरोधी पक्षनेत्यांना प्रत."

"त्यात काय लिहू?"

"तेच सगळं. फक्त 'घेऊ नये'मधलं 'नये' काढा."

'घेऊ' एकटं उरतं, त्याचं 'घ्यावी' करावं लागतं. खाली काकांच्या सांगण्यावरून एक ओळ वाढते: येताना गाडी बधवार पार्कपाशी ठेवून चालत यावे, आत गाडी वळत नाही.